ऑपरेशनच्या आधी भेटायचा डॉक्टर

पोटात गाठ आहे असं तपासणीत कळलं की आपल्याकडे घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑपरेशन कधी? कुठला सर्जन चांगला, तारीख कधी मिळेल, पैसे किती लागतील, रजा कोण काढणार, ही धावपळ त्याच संध्याकाळी सुरू होते. गाठ अंगात ठेवायचीच कशाला, काढून टाका, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण अन्ननलिका, जठर, गुदाशय आणि कधीकधी स्वादुपिंड, यांच्या कॅन्सरमध्ये पहिली पायरी बऱ्याचदा ऑपरेशनची नसते, औषधाची असते. ही पायरी ओलांडून थेट टेबलावर गेलेल्या रुग्णाला ती पुढे तितक्या उपयोगाची राहत नाही. म्हणूनच पचनसंस्थेच्या कॅन्सरवर औषधोपचार करणारा डॉक्टर, म्हणजे जीआय मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, नेमकं काय करतो हे सर्वसामान्य माणसाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. लोक त्याला ‘केमोवाले डॉक्टर’ म्हणतात. केमो तो देतोच, पण त्याचं खरं काम आहे कधी द्यायची, किती द्यायची, कोणाला द्यायची नाही आणि कुठे थांबायचं हे ठरवणं.

कॅन्सरच्या उपचारात तीन प्रकारचे डॉक्टर असतात. गाठ कापून काढतो तो सर्जिकल ऑन्कोलॉजिस्ट, किरणं देतो तो रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट आणि औषधं देतो तो मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट. तिसऱ्याचं शिक्षण एमबीबीएस, त्यावर तीन वर्षं एमडी आणि त्यावर आणखी तीन वर्षं डीएम असं चालतं. त्यानंतर काही जण एकाच भागाचे कॅन्सर बघायचं ठरवतात. पचनसंस्था हा असाच एक भाग. अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय आणि पित्तनलिका, स्वादुपिंड, लहान आणि मोठं आतडं, गुदाशय, गुदद्वार हे सगळे अवयव त्यात येतात. नावं एका दमात घेतली तरी आजार एक नव्हेत. मोठ्या आतड्याचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर यांचा स्वभाव, वेग, औषधं आणि बरं होण्याची शक्यता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘पोटाचा कॅन्सर’ असं कुणी सांगितलं की त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही, ते यामुळे.

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात या अवयवांसाठी डॉक्टरांचे वेगळे गट आहेत. सर्जन, औषधवाले, किरणवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून फाइल बघतात आणि क्रम ठरवतात. लहान गावात हे सगळे एका छताखाली मिळत नाहीत, हे खरं. पण ऑपरेशनची तारीख घेण्याआधी औषधवाल्या डॉक्टरचं मत घेणं बहुतेकांना जमण्यासारखं असतं.

आधी औषध कशासाठी, ते जठराच्या उदाहरणावरून नीट कळतं. जठराच्या भिंतीत खोलवर गेलेला कॅन्सर सर्जनने स्वच्छ काढला तरी काही महिन्यांनी तो पोटाच्या आवरणात किंवा यकृतात उगवायचा. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशीच त्याचे सूक्ष्म कण इतरत्र पोचलेले असायचे, स्कॅनमध्ये न दिसणारे. २००६ साली ब्रिटनमधल्या मॅजिक नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ५०३ रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त ऑपरेशन आणि निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी व नंतर केमो, अशी विभागणी होती. पाच वर्षांनी फक्त ऑपरेशन झालेल्या गटात २३ टक्के लोक हयात होते, केमो मिळालेल्या गटात ३६ टक्के. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि माझ्या मते तीच जास्त बोलकी आहे. ऑपरेशननंतरची केमो धरून सगळे डोस जेमतेम चाळीस-बेचाळीस टक्के रुग्णांनाच पूर्ण करता आले. जठर काढलेल्या माणसाचं खाणं चमच्यांवर येतं, वजन झरझर उतरतं, त्या अवस्थेत केमो झेपत नाही. जो डोस आधी सहज पचला असता तो नंतर घेताच येत नाही. संधी परत मिळत नाही म्हणतात ती अशी.

पुढे जर्मनीतल्या संशोधकांनी चार औषधांचं ‘फ्लॉट’ हे मिश्रण आणलं. ऑपरेशनआधी चार आणि नंतर चार डोस. २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जुन्या केमोच्या गटात मध्यम आयुर्मान ३५ महिने आणि फ्लॉटच्या गटात ५० महिने निघालं. मध्यम आयुर्मान म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो आकडा. तो कुठल्याही एका माणसाचं भविष्य सांगत नाही, हे आकडे ऐकणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने लक्षात ठेवावं. भारतात अन्ननलिकेच्या कॅन्सरचा जो प्रकार जास्त दिसतो, त्यात ऑपरेशनआधी केमोबरोबर रेडिएशनही दिलं जातं. गुदाशय सोडून बाकीच्या मोठ्या आतड्याचं मात्र उलट आहे. कॅन्सर दूर पसरलेला नसेल तर तिथे सहसा आधी ऑपरेशन आणि मग गरज असल्यास केमो.

गुदाशयाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. शौचातून रक्त पडतं, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं. माणूस ठरवतो, मूळव्याध असेल. मेडिकलमधून मलम आणतो, तिखट बंद करतो, कुणी सांगितलं म्हणून ताक आणि सुरण खातो. भिंतीवरच्या ‘बिनाटाका मूळव्याध’ जाहिरातीचा नंबर फिरवतो. संकोचापोटी घरात कुणाला सांगत नाही. यात सहा-आठ महिने सहज जातात. तिशी-चाळिशीतल्या माणसाला तर डॉक्टरही पुष्कळदा बोटाने तपासत नाहीत, ‘या वयात कुठला कॅन्सर’ म्हणून. भारतात गुदाशयाचा कॅन्सर तरुण वयातही दिसतो, आणि तरुणांमध्ये त्याचा एक आक्रमक प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. रक्त पडणं दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, किंवा शौचाची सवय बदलली आणि बदललेलीच राहिली, तर बोटाने तपासणी आणि दुर्बिणीची तपासणी मागून करून घ्यावी. बोटाची तपासणी एका मिनिटाची असते आणि तिला फक्त एक हातमोजा लागतो.

निदान झाल्यावर रुग्णाच्या मनात एकच भीती असते: पोटावर पिशवी लागेल का? गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर पूर्वी तो भाग काढून शौचाचा मार्ग कायमचा पोटावर आणावा लागे. आता एमआरआय करून गाठ किती खोल गेली आहे ते बघतात आणि पुढे गेलेल्या आजारात रेडिएशन आणि पूर्ण केमो दोन्ही आधीच देऊन टाकतात. काही रुग्णांमध्ये मग असं होतं की गाठ दिसतच नाही. बोटाला लागत नाही, दुर्बिणीत फक्त पांढुरका व्रण उरतो, एमआरआय स्वच्छ. अशा रुग्णांचं ऑपरेशन न करता फक्त लक्ष ठेवायचं, हे ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी धाडसाने मांडलं आणि २००४ साली त्यांचे अनुभव प्रसिद्ध झाले. सुरुवातीला जगभरातल्या सर्जननी भुवया उंचावल्या. आज ही पद्धत मान्य आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, आधी सगळा उपचार देऊन मग निर्णय घेतल्यावर, जवळपास निम्म्या रुग्णांचं गुदाशय वाचलं. अर्थात ‘लक्ष ठेवायचं’ याचा अर्थ घरी जाऊन विसरायचं असा नाही. साधारण चारांपैकी एका रुग्णात गाठ पुन्हा डोकं वर काढते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला येणं ही अट आहे. जो माणूस पुन्हा येईल याची खात्री नाही त्याला हा मार्ग देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात, आणि ते बरोबरच आहे.

याच अवयवाशी जोडलेली एक बातमी २०२२ च्या जूनमध्ये सगळ्यांच्या फोनवर फिरली होती: ‘कॅन्सरवर औषध सापडलं, सगळे रुग्ण बरे.’ बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात डोस्टारलिमॅब नावाचं औषध गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांना सहा महिने दिलं आणि बाराही जणांची गाठ पूर्ण विरघळली. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, केमोसुद्धा नाही. २०२५ साली याच संशोधकांनी अशाच ४९ रुग्णांचे निकाल दिले, तेही सगळे तसेच. मात्र हे सगळे एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण होते. आपल्या पेशी विभागताना जनुकांची नक्कल होते आणि त्यात चुका होतात. त्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं असतात. काही गाठींमध्ये ही दुरुस्तीच बंद पडलेली असते. मग चुका साठत जातात आणि ती गाठ शरीराच्या संरक्षण यंत्रणेला परकी दिसायला लागते. गाठ या यंत्रणेला एक ब्रेक लावून थोपवून धरते. डोस्टारलिमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधं तो ब्रेक सोडवतात. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण शंभरात पाच-दहाच्या आसपास. उरलेल्यांना एकट्या या औषधाचा जवळजवळ उपयोग नाही.

ते पाच-दहा कोण, हे कळायला एमएमआर नावाची तपासणी लागते. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर चार प्रथिनांचे रंग चढवून बघतात, नवी सुई टोचावी लागत नाही, आणि मोठ्या जनुकीय तपासण्यांच्या मानाने खर्च खूपच कमी. आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाने ‘एमएमआर झाली का?’ एवढं विचारावंच. कधीकधी या दोषाचं मूळ आईवडिलांकडून आलेलं असतं. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तसं निघालं तर भावंडांना आणि मुलांना तो दोष असण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. ज्यांच्यात तो सापडतो त्यांची दुर्बिणीची तपासणी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी सुरू करून कॅन्सर व्हायच्या आधीच धोकादायक गाठी काढता येतात. एका माणसाच्या बायोप्सीतून अख्ख्या कुटुंबाचा बचाव होऊ शकतो, आणि तरीही ही तपासणी राहून जाते याची मला खंत वाटते.

आता केमोच्या खोलीत जाऊ. आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये जे औषध पायाभूत आहे ते फाइव्ह-एफयू. १९५७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये चार्ल्स हायडेलबर्गर आणि सहकाऱ्यांनी ते तयार केलं. कॅन्सरच्या पेशी युरॅसिल नावाचा एक घटक अधाशीपणे ओढून घेतात असं दिसलं होतं. त्यांनी त्याच घटकाला फ्लोरिनचा एक अणू जोडला. पेशी तो नेहमीचा घटक समजून घेते आणि तिचं काम अडतं. जवळपास सात दशकं झाली तरी याला पर्याय नाही. फाइलवर फॉलफॉक्स, फॉलफिरी, फॉलफिरिनॉक्स अशी नावं दिसतात. ती कंपन्यांची नावं नव्हेत, औषधांच्या जोड्या आहेत. पहिलं ‘फॉल’ हे फॉलिनिक आम्लाचं, मग फ्लुरोयुरॅसिल, ‘ऑक्स’ म्हणजे ऑक्झालिप्लॅटिन, ‘इरी’ म्हणजे इरिनोटेकान. कॅपेसिटॅबिन ही गोळी शरीरात जाऊन फाइव्ह-एफयूच बनते.

फॉलफॉक्सचा डोस दोन आठवड्यांनी येतो. सकाळी रक्ततपासणी बघतात, उंची-वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढून मात्रा ठरते. डे-केअरमध्ये खुर्चीवर दोन-चार तास सलाइन चालतं आणि मग छातीतल्या पोर्टला, म्हणजे औषध शिरेत सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीला, एक छोटी बाटली जोडून रुग्णाला घरी सोडतात. तिच्या आत औषध भरलेला फुगा असतो. तो हळूहळू आकसत ४६ तास औषध सोडत राहतो. वीज नको, बॅटरी नको. कमरेच्या पिशवीत ती बाटली लावून लोक लोकलने घरी जातात, रात्री कुशीला ठेवून झोपतात आणि तिसऱ्या दिवशी ती काढायला परत येतात.

ऑक्झालिप्लॅटिनचा एक विचित्र त्रास असतो, तो आधी सांगितलेला नसेल तर माणूस घाबरतो. डोसनंतर काही दिवस थंड वस्तू सोसत नाही. फ्रिजमधली बाटली धरली की बोटांत विजेसारखी झिणझिण, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटतो. म्हणून पाणी कोमट, भांडी घासायला गरम पाणी, फ्रिज दुसऱ्याने उघडायचा. हा त्रास बहुधा ओसरतो. पण डोस साठत गेले की बोटांचा आणि तळव्यांचा बधिरपणा कायमचा राहू शकतो. मेथी निवडता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, सुईत दोरा जात नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. शिंप्याच्या किंवा सोनाराच्या आयुष्यात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. प्रत्येक भेटीत डॉक्टर ‘बटणं लावता येतात का?’ असं विचारतात, ते याच कारणासाठी. उत्तर खरं द्यावं. औषध बंद करतील या धास्तीने त्रास लपवणारे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि नुकसान त्यांचंच होतं.

इथेच संशोधनाचं मोल कळतं. आतड्याच्या ऑपरेशननंतर ही केमो वर्षानुवर्षं सहा महिने दिली जात होती. तीन महिन्यांत भागेल का, हे विचारण्यात कुठल्याच कंपनीला रस असणार नव्हता. डॉक्टरांनीच अनेक देशांत सहा अभ्यास केले आणि जवळपास १२,८०० रुग्णांची माहिती एकत्र केली. २०१८ साली निष्कर्ष आला: तिसऱ्या स्टेजच्या, म्हणजे आजार जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या, पण कमी धोक्याच्या गटात तीन महिन्यांची कॅपेसिटॅबिन-ऑक्झालिप्लॅटिन पुरेशी आहे. हातापायांना जाणवण्याजोगा बधिरपणा सहा महिन्यांच्या गटात जवळपास निम्म्यांना आला होता, तीन महिन्यांच्या गटात साधारण सहांपैकी एकाला. जास्त धोक्याच्या गाठींना अजूनही सहा महिने लागू शकतात, तो निवाडा डॉक्टरचा. पण ‘कमी औषध म्हणजे कमी काळजी’ हा समज काढून टाकायला हा एक अभ्यास पुरेसा आहे.

आपल्या देशातही असं जमिनीवरचं काम होतं आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. कॅपेसिटॅबिनने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भाकरी थापणं अशक्य होतं. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर साधं डायक्लोफेनॅकचं जेल तपासलं गेलं, गुडघेदुखीला लावतात तेच. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, नुसतं औषध नसलेलं जेल लावणाऱ्या १५ टक्के लोकांना मध्यम ते तीव्र त्रास झाला, तर डायक्लोफेनॅक लावणाऱ्यांत ३.८ टक्क्यांना. पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १२४ रुग्णांवर ओलान्झापिन या जुन्या, स्वस्त गोळीचा अगदी कमी डोस रात्री देऊन बघितला. २०२३ मधल्या निकालानुसार ६० टक्के रुग्णांचं वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढलं, नकली गोळी घेणाऱ्यांत फक्त ९ टक्क्यांचं. ही औषधं स्वतःहून सुरू करायची नाहीत, पण डॉक्टरना विचारायला काहीच हरकत नाही.

वजन हा विषय इथे गौण नाही. पचनसंस्थेच्या कॅन्सरमध्ये अन्नाचा रस्ताच अडलेला असतो, आणि त्यात आपण पथ्यांची भर घालतो. साखर बंद, दूध बंद, अंडं बंद, मग रुग्ण पातळ वरणाच्या पाण्यावर. दोन महिन्यांत दहा किलो उतरलेल्या माणसाला पूर्ण डोस देता येत नाही. अंडी, पनीर, डाळी, शेंगदाणे, मासे, जे चालतं ते थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. अजिबात गिळता येत नसेल तर आतड्यात नळी टाकून पोषण देतात. नळीला लोक फार घाबरतात, पण ती पुष्कळदा उपचार झेपण्यासाठीच टाकलेली असते. एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी: केमोच्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर गोळी देऊन झोपवायचं नाही, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेततो.

आता पित्ताशय. याबद्दल लिहिल्याशिवाय मला हा लेख पुरा करता येणार नाही. पित्ताशयाचा कॅन्सर गंगेच्या खोऱ्यात जास्त दिसतो, त्यामुळे मुंबईत येणाऱ्या रुग्णांत उत्तर भारतातले पुष्कळ असतात. पण खडे महाराष्ट्रातही घरोघरी आहेत आणि दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची ऑपरेशनं तालुक्याच्या गावीही रोज होतात. त्यातल्या थोड्या रुग्णांमध्ये, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, काढलेल्या पित्ताशयात कॅन्सर निघतो. तो कळतो फक्त पॅथॉलॉजीच्या तपासणीत. आणि आपल्याकडे काय होतं? ऑपरेशननंतर खडे डबीत घालून नातेवाइकांना दाखवतात, सगळे थक्क होतात, फोटो काढतात. पिशवीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. काही ठिकाणी ती तपासणीला जातच नाही. काही ठिकाणी जाते, पण रिपोर्ट आणायला कुणी फिरकत नाही. सहा महिन्यांनी कावीळ होऊन तोच रुग्ण येतो तेव्हा आजार यकृतात पसरलेला असतो. तोच रिपोर्ट वेळेवर वाचला असता तर अगदी वरवरच्या आजारात तेवढं ऑपरेशन पुरलं असतं, आणि थोड्या खोल आजारात यकृताचा लगतचा भाग व जवळच्या लसिकाग्रंथी काढून, पुढे औषध देऊन बरं होण्याची चांगली संधी असती. पित्ताशयाचं ऑपरेशन तुमच्या घरात झालं असेल तर तो रिपोर्ट आजच शोधून वाचा.

काविळीचंही तसंच. पन्नाशी-साठीनंतर न दुखता आलेली कावीळ, अंगाला खाज, लघवी गडद, शौच मातकट पांढरी, ही लक्षणं पित्ताचा रस्ता अडल्याची असू शकतात. गावोगावी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारे आहेत. त्यांच्याकडे महिना घालवण्याआधी सोनोग्राफी करावी. रस्ता खरंच अडलेला असेल तर आधी नळी टाकून पित्त उतरवावं लागतं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साठणारा पिवळा घटक, चढलेलं असताना यातली बरीचशी केमो देता येत नाही.

पसरलेल्या आजाराबद्दल बोलणं हा या डॉक्टरच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग. तिथे केमो आजार मुळापासून काढायला नसते, तर आयुष्य लांबवायला आणि त्रास कमी करायला असते. दिल्लीच्या एम्सने २०१० साली पित्ताशयाच्या, ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या कॅन्सरवर अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त लक्षणांवर उपचार मिळालेल्यांचं मध्यम आयुर्मान साडेचार महिने होतं, जेमसिटाबिन-ऑक्झालिप्लॅटिन मिळालेल्यांचं साडेनऊ. पाच महिन्यांचा हा फरक कुणाला थोडा वाटेल. ज्या घरात लग्न ठरलंय, नातवंड येऊ घातलंय, जमिनीचे कागद करायचे आहेत, त्यांना विचारा. पण हा फायदा चालत्याफिरत्या माणसाला होतो. म्हणून रुग्ण आत येताना दारापासून खुर्चीपर्यंत कसा चालतो, हे डॉक्टर आधी बघतात. दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणात जाणाऱ्या, आंघोळीला दुसऱ्याची मदत लागणाऱ्या रुग्णाला जोरदार केमो दिली तर आजाराच्या आधी केमोच त्याला खाली आणते. ‘केमो नको’ असं डॉक्टर म्हणाले म्हणजे त्यांनी हात झटकले असं समजू नये. वेदना, उलटी, पोटातलं पाणी यांवरचा पॅलिएटिव्ह उपचार हा खराखुरा उपचार आहे आणि तो केमोबरोबरच सुरू झालेला उत्तम.

आपल्याकडे नातेवाईक आधी एकटे आत येतात आणि हात जोडून म्हणतात, “डॉक्टर, बाबांना काही सांगू नका.” मायेपोटीच म्हणतात. पण दर पंधरा दिवसांनी सलाइन लावून घेणाऱ्या, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी गप्पा मारणाऱ्या बाबांना बहुतेक वेळा कळलेलंच असतं. मग ते मुलांना सांभाळून घेण्यासाठी न कळल्याचं दाखवतात आणि मुलं बाबांना सांभाळण्यासाठी. ज्यांच्या शरीराबद्दल निर्णय चाललाय त्यांना, त्यांना हवं तेवढं तरी कळायला हवं, अशी माझी पक्की भूमिका आहे.

खर्चाबद्दल एक उदाहरण द्यायलाच हवं. जठर-आतड्याच्या भिंतीत जिस्ट नावाची एक वेगळी गाठ होते. तिच्यावर नेहमीची केमो चालायचीच नाही. २००० साली फिनलंडमध्ये एका महिलेला इमॅटिनिब ही गोळी पहिल्यांदा या आजारासाठी दिली आणि गाठी झपाट्याने आकसल्या. गोळी आली, पण मूळ कंपनीची किंमत महिन्याला लाखाच्या वर. भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळत होतं. पेटंटचा दावा १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि स्वस्त गोळी टिकली. आज जिस्टचे रुग्ण ती घेत वर्षानुवर्षं कामावर जातात. मोठी गाठ असेल तर इथेही आधी गोळीने ती लहान करून मग ऑपरेशन करतात. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत योजनेच्या खिडकीवर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावं, उपचार अर्ध्यात आल्यावर नव्हे.

डॉक्टर एखाद्या अभ्यासात भाग घ्याल का विचारतात तेव्हा ‘आमच्यावर प्रयोग करताय का’ असं वाटतं. नवा उपचार रूढ उपचाराशी ताडून बघणाऱ्या, म्हणजे ‘फेज थ्री’च्या बहुतेक कॅन्सर अभ्यासांत एका गटाला आजचा मान्य उपचार मिळतो आणि दुसऱ्याला त्याहून बरा ठरेल अशी आशा असलेला. संमतीपत्र मराठीत मागता येतं, घरी नेऊन वाचता येतं, नकार दिला म्हणून उपचार थांबत नाहीत. आणि अभ्यास दरवेळी औषधाचाच असतो असंही नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतड्याच्या कॅन्सरची केमो संपलेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने व्यायाम करायला लावला, म्हणजे मुख्यतः झपाझप चालणं. आठ वर्षांनी त्या गटात ९० टक्के लोक हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ८३ टक्के. एवढा फरक एखाद्या औषधाने दाखवला असता तर त्याची किंमत काय लावली असती, याचा विचार करून बघा.

या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना स्कॅनचे नुसते रिपोर्ट नकोत, त्यांची सीडीही हवी. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी हवी, काढे आणि आयुर्वेदिक गोळ्यांसकट, कारण त्यातल्या काहींचा यकृतावर ताण येतो. तरुण रुग्ण असेल आणि पुढे मूल हवं असेल तर ते केमो सुरू व्हायच्या आधी सांगावं. वीर्य किंवा बीजांडं गोठवून ठेवायची असतील तर त्याची वेळ तीच असते. आणि बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक सोबत न्यावा. तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, अर्ज केला की मिळतो, आणि एमएमआरसह पुढच्या बहुतेक तपासण्या त्याच्यावरच होतात.